पाच टक्के निधीच्या पलीकडे : गावपातळीवर दिव्यांगसमावेशक धोरण कसे घडते

चोपडा तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या नवनिर्वाचित सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा आहे : गावात ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ठेवलेला पाच टक्के निधी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सर्वांना सारखा वाटला जातो, वाटपावरून वाद होतो आणि वाटप झाले की वर्षभरासाठी विषय संपतो. धोरण तर मुंबई-दिल्लीत ठरते. मग गाव किंवा तालुका पातळीवर दिव्यांगांना सामावून घेणारे धोरण पुढे न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे, आणि आपल्यासारख्या इतर विकसनशील देशांना यातून काही मार्ग सापडला आहे काय?

आपण दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत, ते आधी वेगळे करतो. पाच टक्के निधी कसा खर्च करावा हा एक प्रश्न झाला आणि गावाचा सगळा कारभारच दिव्यांगांना धरून कसा चालावा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, असा समज सर्वत्र आहे, आणि जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ग्रामपंचायतींबरोबर काम करताना मी पाहिले आहे की बहुतेक गावांची गाडी नेमकी तेथेच अडते.

हिशेब मांडून पाहू. समजा, घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून आपल्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न वर्षाला ६ लाख रुपये आहे. त्याचे पाच टक्के म्हणजे ३० हजार. गावात ६० दिव्यांग असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ५०० रुपये येतात. त्याच वर्षी वित्त आयोगाचा निधी, घरकुले, नळयोजना, शाळाखोल्यांची दुरुस्ती, काँक्रीट रस्ते आणि गटारी यांवर त्याच गावात मिळून ४० लाखांचा खर्च होतो असे धरा. ३० हजारांवरून ग्रामसभेत आवाज चढतात. पण ४० लाखांतून जो रस्ता झाला त्याच्या कडेची उघडी गटार अंध माणसाने कशी ओलांडायची, जे सार्वजनिक शौचालय झाले त्याच्या तीन पायऱ्या कुबडीवरच्या बाईने कशा चढायच्या, हे कोणी विचारत नाही. दिव्यांगांचा निधी वेगळा काढून दिला की उरलेल्या निधीत त्यांचा काही संबंध नाही, असे गृहीत धरले जाते. माझ्या मते खरी अडचण हे गृहीतक आहे, आणि धोरण पुढे न्यायचे म्हणजे ते मोडायचे.

एक खुलासा येथेच करतो. रोख वाटपाला नाक मुरडणारे अधिकारी मला फारसे पटत नाहीत. ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत त्याला ५०० रुपयेही लागतात, आणि ते कशावर खर्च करावेत हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. शासनाच्या सूचनांत वैयक्तिक लाभ आणि सामूहिक सुविधा या दोहोंना वाव आहे. माझा आक्षेप रोख रकमेला नाही. त्या रकमेच्या बदल्यात गावाने उरलेल्या सर्व जबाबदारीतून स्वतःची सुटका करून घेण्याला आहे. अमळनेरकडच्या एका ग्रामसभेत एका दृष्टिहीन आजींनी हेच एका वाक्यात सांगितले होते : “पैसा ऱ्हाऊ द्या, नळलगून वाट करी द्या.” म्हणजे पैसे राहू द्या, नळापर्यंत वाट करून द्या.

कायद्याची बाजू आपल्याकडे भक्कम आहे, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्याला अनुसरून आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. आपल्या कामासाठी त्यातील कलम ३७ लक्षात ठेवावे : घरकुलासह गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना पाच टक्के आरक्षण असून त्यात स्त्रियांना प्राधान्य आहे. म्हणजे पाच टक्क्यांचा हक्क ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नापुरता नाही, तो योजनांमध्येही आहे. कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक रक्कम मिळायला हवी. महाराष्ट्राने तर डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. कागद कमी पडत नाहीत. तो कागद आणि गावाचे अंदाजपत्रक यांची गाठ पडत नाही.

ही गाठ पहिल्यांदा मोजणीत चुकते. ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत सहसा तीच नावे असतात ज्यांच्याकडे दिव्यांगत्वाचा दाखला आहे. दाखला त्यालाच मिळतो जो जिल्ह्याच्या ठिकाणी वैद्यकीय बोर्डासमोर जाऊ शकतो. म्हणजे ज्याची अडचण सर्वांत मोठी, तो नोंदवहीत येण्याची शक्यता सर्वांत कमी. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के दिव्यांग मोजले आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज १६ टक्क्यांचा आहे. एवढी तफावत पडते त्याला आपल्याकडे दिव्यांग कमी असणे हे कारण नाही. विचारण्याची पद्धत आणि व्याख्या वेगळ्या आहेत.

अंगणवाडी सेविका दारात उभी राहून “घरात कोणी अपंग आहे का?” असे विचारते, तेव्हा उत्तर बहुधा “नाही” असे येते. मुलीचे लग्न व्हायचे असेल तर नक्कीच “नाही” येते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने यासाठी सहा साधे प्रश्न तयार केले आहेत : चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, यंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला, स्वतः आंघोळ करायला व कपडे घालायला, आणि आपले म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगायला. प्रत्येकाला चार उत्तरे आहेत : अजिबात अडचण नाही, थोडी, बरीच, किंवा मुळीच करता येत नाही. “बरीच” किंवा त्यापुढचे उत्तर एका तरी प्रश्नाला आले तर ती व्यक्ती मोजायची. अनेक विकसनशील देशांनी जनगणनेत हीच पद्धत स्वीकारली आहे.

मी गावांत हे प्रश्न वापरतो, आणि जी नावे नव्याने येतात त्यांकडे पाहिले की गावाचा चेहराच बदलतो. मोतीबिंदूमुळे अंगणाबाहेर न पडणारे म्हातारे येतात. मेंदूच्या झटक्यानंतर खाटेवर असलेला बागायतदार येतो, ज्याला आपण दिव्यांग आहोत हे मान्यच नसते. शाळेतून नाव कमी झालेली, ऐकू न येणारी मुलगी येते. मात्र या सहा प्रश्नांची एक मर्यादा आहे. मानसिक आजार त्यांत नीट पकडले जात नाहीत आणि लहान मुलांसाठी ते पुरेसे नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली आहे. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्णही दुखणे उसळलेले नसेल त्या दिवशी सर्व प्रश्नांना “अडचण नाही” असेच उत्तर देतात. म्हणून आशाताईंकडील माहिती या यादीला जोडून घ्यावी लागते. नावे जाहीर वाचू नयेत. ग्रामसभेत आकडे ठेवावेत, नावे नोंदवहीत राहावीत. आता २०२७ ची जनगणना येते आहे, परंतु गावाच्या नियोजनासाठी तिच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोजणीनंतर दाखल्याचा प्रश्न येतो, आणि येथे इतर देशांकडून खरोखर काही घेण्यासारखे आहे. व्हिएतनामने २०१० च्या कायद्याने दिव्यांगत्वाची पातळी ठरवण्याचे काम सर्वांत खालच्या प्रशासकीय स्तरावरील समितीकडे सोपवले. स्थानिक प्रशासन, आरोग्य केंद्राचा प्रमुख आणि सामाजिक संघटनांचे प्रतिनिधी त्या समितीत बसतात, आणि समितीला ठरवता येत नाही किंवा तिचा निर्णय मान्य नाही अशी प्रकरणेच वैद्यकीय मंडळाकडे जातात. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत गरीब दिव्यांगांना आणि वृद्धांना किमान वेतनाएवढ्या मासिक निर्वाहभत्त्याचा हक्क दिला आणि २००९ पासून त्याच्या तपासणीत डॉक्टरच्या बरोबरीने समाजकार्यकर्त्यालाही बसवले. कारण पाय किती टक्के गेला हे डॉक्टर सांगू शकतो, पण त्या पायाने तो माणूस कोणत्या वस्तीत, कोणत्या रस्त्याने, कोणत्या कामाला जातो हे टक्केवारीत येत नाही. धडगावच्या डोंगरावरील पाड्यात आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीत सारख्याच ५० टक्क्यांचा अर्थ सारखा नसतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडची तपासणी वैद्यकीय आणि टक्केवारीची आहे, आणि जून २०२१ पासून दाखला यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या ऑनलाइन पोर्टलवरूनच मिळतो. ग्रामपंचायत हे बदलू शकत नाही. तिला अंतर मात्र कमी करता येते. आधारची देशातील पहिली ओळखपत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली. ओळखपत्राची सगळी यंत्रणा यंत्रांसह खेड्यात येऊ शकते हे देशाने पाहिले ते खानदेशात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र आजही माणसालाच उचलून सिव्हिलला न्यावे लागते.

येथे पाच टक्के निधीचा सर्वांत फलदायी वापर मला दिसतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याची मासिक रक्कम २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाली. म्हणजे वर्षाला ३० हजार. वरच्या उदाहरणातील गावाचा संपूर्ण पाच टक्के निधी एवढाच आहे. ज्यांच्याकडे दाखला नाही पण जे उत्पन्नाच्या अटीत बसतात, अशा दहा जणांना बोर्डाच्या दिवशी गाडी करून नेण्यावर, सोबत जाणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीवर आणि ऑनलाइन अर्जाच्या खर्चावर त्या निधीतील काही हजार रुपये खर्च केले आणि त्यांतील निम्म्यांचे अर्ज मंजूर झाले, तरी गावात वर्षाला दीड लाख रुपये येतात, आणि ते पुढच्या वर्षीही येतात. ज्या गावांनी हे केले तेथे वाटपाचा वाद पूर्ण मिटला असे नाही, पण वादाचा विषय बदलला. पुढच्या फेरीला कोणाला न्यायचे यावर लोक भांडू लागले, आणि ते भांडण मला परवडते.

हे करताना एक काळजी घ्यावी. बोर्डावर कोणत्या दिवशी कोणते तज्ज्ञ असतात हे आधी फोनवर विचारून घ्या. कानाचे डॉक्टर नसलेल्या दिवशी मूकबधिर मुलाला नेले तर तो आणि त्याचा बाप दोघेही दुसऱ्यांदा येत नाहीत. तालुक्यात चाळीस-पन्नास जणांची यादी एकत्र झाली असेल, तर पंचायत समितीमार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे उपजिल्हा रुग्णालयातच शिबिराची मागणी करावी. यादीशिवाय केलेली मागणी फाइलीत पडून राहते; यादी जोडलेली मागणी नाकारताना कारण लिहावे लागते.

केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी ८० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपयांचा आहे. त्याच्या आशेवर कोणाला थांबवून ठेवू नये.

आता उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांकडे, म्हणजे गावाच्या इतर सर्व कामांकडे येतो, कारण धोरणाचे खरे काम तेथे आहे. एका ग्रामपंचायत कार्यालयाचा रॅम्प मी मोजला होता. जोते अडीच फूट उंच. नियमानुसार उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटांना ३० फूट, शिवाय मध्ये सपाट विसाव्याची जागा. प्रत्यक्षात रॅम्प होता सात फुटांचा, त्यावर गुळगुळीत फरशी, कठडा एकाच बाजूला, आणि वर पोहोचल्यावर दारात चार इंचांचा उंबरा. त्या रॅम्पवरून सरपंचांची मोटारसायकल सफाईने चढायची. तीनचाकी सायकल चढवायला मागून दोन माणसे लागायची, आणि उतरताना ती कोणी धरली नाही तर सरळ रस्त्यावर. हा रॅम्प कोणी दुष्टपणाने बांधला नव्हता. अंदाजपत्रकात “रॅम्प, एक नग” एवढीच नोंद होती आणि त्यापुढे ठोक रक्कम होती. शाखा अभियंत्याने मागच्या वर्षीच्या दुसऱ्या गावच्या इमारतीचे अंदाजपत्रक उचलून येथे बसवले होते. ठोक रकमेत जेवढा बसला तेवढा रॅम्प झाला, मोजमाप पुस्तिकेत एक नग म्हणून चढला, आणि काम सुगम्य म्हणून पूर्ण झाले.

म्हणून माझा आग्रह असतो की सदस्याने मंजुरीनंतर तक्रार करण्यापेक्षा तांत्रिक मान्यतेपूर्वी अंदाजपत्रक मागावे. इमारत उभी राहिल्यावर ३० फुटांसाठी जागा सापडत नाही. नकाशावर असताना ती सापडते, किंवा जोतेच कमी उंचीचे ठेवता येते, जे त्याहून स्वस्त पडते. दार ९०० मिलिमीटर रुंद, उंबरा नाही, शौचालयात धरायला दांडी आणि चाकाची खुर्ची वळेल एवढी जागा, नळाची तोटी बसून हाताला येईल अशी, गटारीवर झाकण, हातपंपाच्या ओट्याला एका बाजूने उतार : या गोष्टींचा खर्च सुरुवातीला धरला तर तो एकूण कामात थोडाच वाढतो, नंतर फोडून केला तर कोणीच करत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे त्याच कामांसाठी राखीव होती. गावोगावची सार्वजनिक शौचालये त्यातून झाली. त्यांतील किती शौचालयांत चाकाची खुर्ची जाते, हे आपल्या गावापासूनच पाहावे.

हाच मुद्दा ग्रामपंचायत विकास आराखड्याला लागू पडतो. आराखड्याच्या नऊ संकल्पना आहेत आणि दिव्यांगांचा विषय हमखास “सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गाव” या एका संकल्पनेखाली टाकला जातो, म्हणजे पुन्हा वेगळा खण. आपण तो आरोग्यदायी गावात, बालस्नेही गावात, पाण्यात आणि पायाभूत सुविधांत मागावा. आराखड्यातील प्रत्येक कामापुढे एक रकाना वाढवून घ्यावा : हे काम दिव्यांगांना वापरता येण्यासाठी काय केले आहे. रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण तो रिकामा असल्याचे ग्रामसभेपुढे वाचले जावे.

एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. बसची पहिली पायरी मात्र गुडघ्याएवढी आहे आणि पाड्यावरच्या माणसाला बस थांबते तेथपर्यंत झोळीतून यावे लागते. आपल्या धोरणांचा कल कायम सवलतीकडे राहिला आहे, कारण सवलत जाहीर करता येते. पायरीला अभियंता लागतो.

परिस्थितीनुसार काय बदलेल, तेही सांगतो. आपले गाव चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातील अनुसूचित क्षेत्रात मोडत असेल तर पेसा या अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याखाली ग्रामसभेचे अधिकार बरेच मोठे आहेत आणि आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी थेट येतो. हे पाच टक्के आणि दिव्यांगांचे पाच टक्के यांची गल्लत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. दोन्हींची खाती आणि प्रयोजने वेगळी आहेत. गाव मैदानी भागात, केळीच्या पट्ट्यात असेल तर स्वउत्पन्न जास्त, पण शेतमजुरांच्या वस्त्या गावठाणाबाहेर, आणि त्यांची नावे कोणत्याच यादीत नाहीत, ही अडचण मोठी. गाव लहान असेल तर एकट्याने शिबिर मागण्यात अर्थ नाही, शेजारच्या गावांना धरून चालावे. ग्रामसेवक अनुकूल आहे की नाही यावर तर निम्मे काम अवलंबून असते. प्रतिकूल असेल तर तोंडी बोलण्यात वेळ न घालवता सुरुवातीपासून लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

नंदुरबारसारख्या भागात सिकलसेलचा विचार वेगळा करावा लागतो. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे, पण नोकरीतील चार टक्के आरक्षणासाठी कलम ३४ मध्ये जे गट दिले आहेत त्यांत रक्ताचे आजार नाहीत. त्यामुळे दाखला मिळालेल्या मुलाला नोकरीतही राखीव जागा आहे असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे, आणि अशी खोटी आशा मी महाविद्यालयीन मुलांमध्ये पाहिली आहे. त्यांच्यासाठी शाळा आणि कामाच्या ठिकाणची वाजवी सोय अधिक मोलाची : दुखणे उसळलेल्या दिवसांची गैरहजेरी धरू नये, प्यायला भरपूर पाणी असावे, आश्रमशाळेत थंडीत गार पाण्याने आंघोळीची सक्ती नसावी. अशा वाजवी सोयीचा हक्क ४० टक्क्यांच्या अटीला बांधलेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आतापर्यंतचे तीन धागे असे : यादी दाखल्यावरून न करता अडचणीवरून करणे, पाच टक्के निधी दाखल्यापर्यंत पोहोचण्यासाठी वापरणे, आणि उरलेल्या कामांत अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर शिरणे. चौथा धागा असा की हे सर्व बोलणार कोण.

युगांडाने १९९७ च्या स्थानिक शासन कायद्याने जिल्हा परिषदांत दिव्यांगांचे दोन प्रतिनिधी अनिवार्य केले, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे, आणि खालच्या परिषदांतही तशाच जागा ठेवल्या. संसदेतही त्यांच्यासाठी जागा राखीव आहेत. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने निवडून दिलेल्या व नेमलेल्या सार्वजनिक पदांत टप्प्याटप्प्याने किमान पाच टक्के दिव्यांग असावेत असे म्हटले. आपल्याकडे तामिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत दिव्यांग सदस्य नेमण्याचा कायदा केला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखीव प्रभाग नाही, आणि ती मागणी राज्यपातळीवर लावून धरण्यासारखी आहे. परंतु राखीव जागेवर मी डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. नेमलेला सदस्य नेमणाऱ्याचे ऐकतो, आणि दृष्टिहीन सदस्यासमोर छापील विषयपत्रिका ठेवली, किंवा ऐकू न येणाऱ्या सदस्यासाठी खुणांची भाषा जाणणारा कोणी नसला, तर ती खुर्ची भरलेली असूनही रिकामीच असते.

म्हणून जागेची वाट न पाहता आजच्या समित्यांचा उपयोग करावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांत दिव्यांग मुलाचा एक पालक निवडून आणणे गावाच्या हातात आहे. पाणीपुरवठा व स्वच्छतेच्या समितीत एक दिव्यांग स्त्री असावी, कारण पाणी आणि शौचालय यांची गैरसोय तिच्याइतकी कोणाला माहीत नसते. दिव्यांगांची सर्व कामे एकाच धडधाकट, बोलक्या, मोटारसायकल असलेल्या दिव्यांग पुढाऱ्याकडे देण्याचा मोह टाळावा. तो बहुधा अस्थिव्यंग असलेला पुरुष असतो आणि मतिमंद मुलाच्या आईचा प्रश्न त्याच्या यादीत शेवटी येतो. हे कटू वाटेल, पण दिव्यांगांच्या संघटनांनीही हे मनावर घेण्याची गरज आहे. ग्रामसभा पहिल्या मजल्यावर घेऊ नये, हे तर सांगावेच लागू नये, तरी सांगतो.

राहिला न्यायालय आणि आयुक्तालयाचा मार्ग. २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असायला हवा, कलम ७२ नुसार जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्यातील दिव्यांग आयुक्तांना चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कलम ४४ सांगते की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायद्याने जे बंधनकारक केले ते नियमाने नुसते शिफारशीच्या पातळीवर ठेवले होते, आणि केंद्राला बंधनकारक किमान मानके ठरवायला सांगितले. हे सर्व वापरण्यासाठी आहे, पण माझा क्रम वेगळा असतो. आधी ठराव, मग अंदाजपत्रकातील दुरुस्ती, मग गटविकास अधिकाऱ्यांना पत्र, आणि हे सर्व कागद हाती असताना तक्रार. नुसत्या तक्रारीवर आयुक्तालय अहवाल मागवते, अहवालात रॅम्प एक नग असल्याचे उत्तर येते आणि प्रकरण निकाली निघते. आपल्याकडे उतार मोजलेला पंचनामा आणि ग्रामसभेचा ठराव असेल तर ते उत्तर टिकत नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी आपण एकच पान तयार करावे. त्यावर सहा प्रश्नांवरून निघालेले वस्तीनिहाय आकडे, दाखला असलेले व नसलेले किती, आणि पुढील वर्षी गावात होणाऱ्या तीन सर्वांत मोठ्या कामांची नावे असावीत. त्या तीन कामांची अंदाजपत्रके तांत्रिक मान्यतेला जाण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेपुढे आणि गावातील किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या दिव्यांग व्यक्तींपुढे ठेवावीत, असा ठराव मांडावा. सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि आठवडाभरात ठरावाची प्रमाणित प्रत मागावी, कारण सभेत संमत झालेला पण इतिवृत्तात न चढलेला ठराव पुढे कोणालाच दाखवता येत नाही.